देव आहे की नाही, हे तर्काने ठरवता येतं का?

2013 साली एक बातमी जगभर फिरली. संगणकाने देवाचं अस्तित्व सिद्ध केलं, असा तिचा सूर होता. बातमीत अतिशयोक्ती होती, पण मूळ घटना खरी होती. क्रिस्टोफ बेंझम्युलर आणि ब्रुनो वोल्टझेनलोगेल पालेओ या दोन संशोधकांनी कुर्ट गोडेल यांची देवाच्या अस्तित्वाची सिद्धता संगणकाला कळेल अशा भाषेत लिहून काढली आणि त्याला तपासायला दिली. गोडेल म्हणजे विसाव्या शतकातले अव्वल तर्कशास्त्रज्ञ. 1970 मध्ये त्यांनी ही सिद्धता निव्वळ चिन्हांच्या भाषेत, अगदी थोडक्यात मांडली होती. संगणकाने ती पायरी पायरीने तपासली आणि निकाल दिला: या गृहीतकांवरून हा निष्कर्ष निघतो.

गणितातलं एखादं प्रमेय असं तपासून झालं की त्यावरचा वाद मिटतो. इथे मात्र ना नास्तिक हलले, ना आस्तिकांना आपल्या श्रद्धेसाठी या निकालाची गरज वाटली. असं का झालं हे नीट समजून घेतलं, तर देवावरच्या बहुतेक वादांत माणसं नेमकी कुठे अडकतात तेही कळतं.

शहामृग आणि संगणक

तर्कशास्त्र दोन गोष्टी कटाक्षाने वेगळ्या ठेवतं आणि आपण बोलण्याच्या भरात त्या एकत्र करतो. हे उदाहरण घ्या. सगळे पक्षी उडतात. शहामृग पक्षी आहे. म्हणून शहामृग उडतो. या युक्तिवादात तर्काची चूक एकही नाही. पहिली दोन विधानं मान्य केली की तिसरं टाळताच येत नाही. फक्त पहिलं विधान खोटं आहे. आणि ते खोटं आहे हे तर्काने कळलेलं नाही, कुणीतरी शहामृगाकडे पाहिलं म्हणून कळलं.

मराठी तर्कशास्त्राच्या पुस्तकांत यासाठी दोन शब्द आहेत: युक्तता आणि सत्यता. आधारविधानांवरून निष्कर्ष निघतो की नाही, ही युक्तता. आधारविधानं खरी आहेत की नाहीत, ही सत्यता. पहिली तपासणं हे तर्काचं काम. दुसरी तपासायला अनुभव, निरीक्षण, कुणाची तरी साक्ष, असं तर्काबाहेरचं काहीतरी लागतं. याला एक अपवाद आहे: जे बोलणं स्वतःलाच छेद देतं ते खोटं आहे, हे तर्क घरबसल्या सांगू शकतो. हा अपवाद लहान वाटतो, पण तर्काची खरी ताकद तिथेच आहे.

आता गोडेल यांची गृहीतकं साध्या भाषेत पाहू. काही गुण 'सकारात्मक' असतात. कोणताही गुण घ्या; तो गुण किंवा त्याचा अभाव, दोहोंपैकी नेमका एक सकारात्मक असतो. सकारात्मक गुणातून जो गुण अटळपणे निघतो तोही सकारात्मक. ज्याच्यात सगळे सकारात्मक गुण आहेत तो देव, आणि असं देवपण असणं हाही एक सकारात्मक गुण. नसणंच शक्य नाही अशा प्रकारे असणं, म्हणजे 'अटळ अस्तित्व', हाही तसाच गुण. एवढं मान्य केलं की देव आहे हा निष्कर्ष टाळता येत नाही.

पण एवढं मान्य का करायचं? हिरवं असणं सकारात्मक की हिरवं नसणं? मला तरी दोन्ही उत्तरं तितकीच पोकळ वाटतात, आणि गृहीतक तर म्हणतं की दोहोंपैकी एक निवडायलाच हवं. अस्तित्व हा मुळात गुण आहे का, हाही प्रश्न जुनाच आहे. अकराव्या शतकात अँसेल्म या ख्रिस्ती धर्मपंडितांनी याच धाटणीचा युक्तिवाद केला होता. ज्याहून थोर काही कल्पिता येत नाही तो देव, आणि नुसत्या मनात असण्यापेक्षा प्रत्यक्षात असणं थोर, म्हणून तो प्रत्यक्षात आहेच. गॉनिलो नावाच्या एका भिक्षूने लगेच विचारलं, मग याच रीतीने सर्वांत परिपूर्ण बेटही सिद्ध होईल की! पुढे 1781 मध्ये इमॅन्युएल कान्ट यांनी दुखणं नेमकं पकडलं. मनातल्या शंभर नाण्यांपेक्षा खऱ्या शंभर नाण्यांत एकही नाणं जास्त नसतं. 'आहे' म्हटल्याने वस्तूच्या वर्णनात भर पडत नाही. तसं वर्णन असलेलं काही जगात आहे, एवढंच कळतं.

संगणकाला यातलं काहीच ठरवता येत नाही. तो युक्तता सांगतो. मात्र याच तपासणीत एक विलक्षण गोष्ट उघड झाली. गोडेल यांच्या मूळ टिपणात एका व्याख्येतलं छोटंसं कलम राहून गेलं होतं आणि त्यामुळे त्यांची गृहीतकं एकमेकांनाच छेद देत होती. परस्परविरोधी गृहीतकांतून काहीही सिद्ध करता येतं: देव आहे हेही आणि देव नाही हेही. डॅना स्कॉट या तर्कशास्त्रज्ञांनी स्वतःच्या प्रतीत ते कलम घातलं होतं, म्हणून त्यांची आवृत्ती टिकली; संगणकाने मान्य केलेली सिद्धता हीच. मूळ टिपणातली विसंगती माणसांच्या नजरेतून निसटली आणि यंत्राला सापडली.

आणखी एक गोष्ट तर्कानेच पुढे आणली. 1987 मध्ये जॉर्डन हॉवर्ड सोबेल यांनी दाखवलं की ही गृहीतकं स्वीकारली तर जे जे खरं आहे ते सगळं अटळपणे खरं ठरतं. आज सकाळी तुम्ही उजव्या कुशीवर उठलात, तर डाव्या कुशीवर उठणं कधी शक्यच नव्हतं. ज्या आस्तिकाला माणसाचं स्वातंत्र्य, पाप-पुण्य, निवड हे शब्द प्रिय आहेत, त्याला ही सिद्धता फार महागात पडते.

तर्क देवाबद्दल काय करू शकतो याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. अमुक मानायचं असेल तर त्यासोबत आणखी काय काय पदरी पडतं, हे तो दाखवतो.

एकच युक्तिवाद, दोन दिशांनी

देव नाही, असं तर्काने दाखवण्याचा सर्वांत गंभीर प्रयत्न दुःखाच्या प्रश्नातून येतो. इथे थोडं थांबायला हवं, कारण हा पुस्तकी प्रश्न नाही. माणसांचा विश्वास उडतो तो बहुधा इथेच, आणि कित्येकांचा घट्ट होतो तोही इथेच.

1955 मध्ये जे. एल. मॅकी यांनी हा प्रश्न धारदार केला. देव सर्वशक्तिमान आहे, देव पूर्णपणे चांगला आहे आणि जगात दुःख-दुष्टता आहे, ही तीन विधानं एकत्र खरी असूच शकत नाहीत, असा त्यांचा दावा होता. तो मघाशी सांगितलेल्या अपवादात मोडतो. आस्तिकाचं बोलणं स्वतःलाच छेद देत असेल, तर जगाकडे पाहायचीही गरज नाही. वाद तिथेच संपला.

याला उत्तर दिलं अल्विन प्लांटिंगा यांनी, सत्तरच्या दशकात. त्यांचं काम तुलनेने हलकं होतं, आणि हे फार लोकांच्या लक्षात येत नाही. देव दुःख का होऊ देतो हे त्यांना सांगायचं नव्हतं. या तीन विधानांत विसंगती नाही एवढंच दाखवायचं होतं. त्यासाठी एक शक्यता पुरते. खरोखर स्वतंत्र माणसं घडवायची तर ती कधीच वाईट निवड करणार नाहीत याची हमी देणं कदाचित देवालाही शक्य नसेल. ही शक्यता खरी आहे की नाही हा वेगळा मुद्दा. ती नुसती शक्यता असली तरी विसंगतीचा आरोप ढिला पडतो. पुढे अनेक नास्तिक तत्त्वज्ञांनीही हा आरोप त्या कडक रूपात सोडून दिला.

वाद मात्र थांबला नाही, त्याची जागा बदलली. 1979 मध्ये विल्यम रो यांनी एक चित्र उभं केलं. दूरच्या जंगलात वीज पडते, वणवा लागतो, एक हरणाचं पाडस होरपळतं आणि कित्येक दिवस तडफडून मरतं. ते कुणी पाहत नाही, त्यातून कुणी काही शिकत नाही, कुणाच्याही स्वातंत्र्याचा त्याच्याशी संबंध नाही. अशा दुःखामागे कारण असूच शकत नाही, असं रो म्हणत नाहीत. ते एवढंच म्हणतात की कारण दिसत नाही, आणि अशी असंख्य उदाहरणं पाहिल्यावर ते नसावं असं मानणं वाजवी आहे.

आता नीट पाहा. नास्तिक म्हणतो: दयाळू, सर्वशक्तिमान देव असता तर निरर्थक दुःख नसतं, निरर्थक दुःख आहे, म्हणून असा देव नाही. आस्तिक म्हणतो: दयाळू, सर्वशक्तिमान देव असेल तर निरर्थक दुःख नसतं, असा देव आहे, म्हणून वरवर निरर्थक दिसणारं दुःख खरं तर निरर्थक नाही. दोघांचं पहिलं विधान एकच आहे. दोन्ही युक्तिवाद युक्त आहेत. कुणाच्याही तर्कात खोट नाही. फरक आहे तो कुणाला कोणत्या विधानाची जास्त खात्री वाटते यात, आणि खात्री किती असावी हे ठरवणारा नियम तर्कशास्त्राकडे नाही.

ही उलटापालट रो यांना ठाऊक होती, त्यांनी ती स्वतःच मांडली. नास्तिक असूनही आस्तिकाचं मानणं अविवेकी नसू शकतं, असं त्यांचं मत होतं आणि त्याला ते मैत्रीपूर्ण नास्तिकता म्हणत. देवावरच्या वादात इतका सरळ प्रामाणिकपणा मला क्वचित दिसतो.

मोल मात्र दोघांनाही मोजावं लागतं. त्या पाडसाच्या तडफडीमागे योजना आहे असं म्हणणाऱ्याला हेच वाक्य आजारी मुलाच्या उशाशी बसलेल्या आईसमोर उच्चारायची तयारी ठेवावी लागते. आणि दुःख निरर्थक आहे असं म्हणणाऱ्याला, 'मला अर्थ दिसत नाही' यावरून 'अर्थ नाही' ही उडी कशाच्या जोरावर घेतली, हे सांगावं लागतं.

कुंभार, वारूळ आणि अंकुर

हा वाद पश्चिमेकडून आला असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. संस्कृतात हा वाद शतकानुशतकं चालला, आणि त्यातली काटेकोर मांडणी आजही थक्क करते.

नैयायिकांचा, म्हणजे न्याय दर्शनाच्या तार्किकांचा, मुख्य युक्तिवाद साधा होता. घडा हे कार्य आहे, म्हणजे घडवलेली, आधी नसलेली वस्तू. घड्याला कर्ता असतो. पृथ्वी, डोंगर, अंकुर हीसुद्धा कार्यंच आहेत. म्हणून त्यांनाही कर्ता असला पाहिजे, आणि एवढं मोठं कार्य करणारा तो ईश्वर. दहाव्या-अकराव्या शतकात उदयनाचार्यांनी या अनुमानाला सर्वांत भक्कम रूप दिलं.

पण त्यांच्या कितीतरी आधी, सातव्या शतकाच्या आसपास, बौद्ध तार्किक धर्मकीर्ती यांनी या मांडणीच्या मुळावरच घाव घातला होता. घडा मातीचा आणि तो कुंभाराने केला, एवढ्यावरून मातीची प्रत्येक वस्तू कुंभाराने केली असं म्हणणार असाल, तर वारूळही कुंभारानेच केलं म्हणावं लागेल! शब्द एक असला म्हणून वस्तू एका जातीच्या होत नाहीत. 'कार्य' हा शब्द घड्यालाही लागतो आणि डोंगरालाही. पण घड्याला पाहून कर्ता आठवतो, कारण घडे करणारी माणसं आपण पाहिली आहेत. डोंगर करणारा कुणी पाहिलेला नाही.

नैयायिक हटले नाहीत. प्रतिपक्षाने जंगलात आपोआप उगवणारा अंकुर दाखवला: हे घ्या, कार्य आहे आणि कर्ता नाही. नैयायिकांचं उत्तर असं की अंकुराला कर्ता आहे की नाही हाच तर वादाचा विषय आहे. ज्या गोष्टीवर वाद चालू आहे तीच विरोधी उदाहरण म्हणून कशी वापरता?

हे उत्तर ऐकून आधी ती पळवाट वाटते. पण ती पळवाट नाही, आणि म्हणूनच हा वाद मला इतका महत्त्वाचा वाटतो. डोंगरावर धूर दिसला की अग्नी आहे असं आपण म्हणतो, कारण धूर आणि अग्नी यांची सोबत आपण इतरत्र वारंवार पाहिलेली असते. या अटळ सोबतीला व्याप्ती म्हणतात. शंका आली तर डोंगर चढून पाहता येतं. जगाच्या बाबतीत चढून जायला डोंगरच नाही. कर्ता असलेली काही जगं आणि कर्ता नसलेली काही जगं आपण पाहिली असती, तर व्याप्ती ठरवता आली असती. आपल्यापुढे जग एकच आहे आणि आपण त्याच्या आत आहोत. चार्वाकांनी तर याही पुढे जाऊन विचारलं की कोणतीही व्याप्ती सर्व काळांसाठी, सर्व ठिकाणांसाठी पक्की कशी म्हणता येईल?

आणि आता या कथेतला सर्वांत अनपेक्षित भाग. ईश्वर सिद्ध करणाऱ्या अनुमानावर सर्वांत कडाडून टीका करणाऱ्यांत रामानुजाचार्य होते. भक्तीच्या परंपरेतलं एवढं मोठं नाव! त्यांचं म्हणणं असं की सगळं जग एकाच वेळी, एकानेच केलं याला पुरावा काय? मोठी कामं तर अनेक जण मिळून करतात. शिवाय आपण पाहिलेल्या प्रत्येक कर्त्याला शरीर असतं. तेव्हा घड्याच्या उदाहरणावरून गेलात तर फार तर शरीरधारी कर्ते, तेही कदाचित पुष्कळ, एवढंच हाती लागेल. ईश्वर अनुमानाने कळत नाही, तो शास्त्रानेच कळतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणजे देवावर अढळ विश्वास आणि देवाच्या सिद्धतेवर अजिबात विश्वास नाही, हे एकाच माणसात सुखाने नांदू शकतं.

उलट बाजूला मीमांसक, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या परंपरेतले पंडित, पाहा. कुमारिल भट्ट वेद प्रमाण मानत, यज्ञ मानत, पण जगाचा निर्माता मानत नव्हते. त्या जुन्या अर्थाने आस्तिक म्हणजे वेद मानणारा. आज आपण तोच शब्द देव मानणारा या अर्थाने वापरतो आणि जुना वाद वाचताना गोंधळतो.

सांख्यसूत्रांत एक सूत्र आहे, 'ईश्वरासिद्धेः'. ईश्वर सिद्ध होत नाही म्हणून, असा त्याचा अर्थ. सोळाव्या शतकातले भाष्यकार विज्ञानभिक्षु इथे एक बारीक गोष्ट दाखवतात. सूत्रकाराला ईश्वर नाहीच असं म्हणायचं असतं तर त्याने 'ईश्वराभावात्' असं लिहिलं असतं. असिद्धी आणि अभाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विज्ञानभिक्षु स्वतः ईश्वर मानणारे होते, त्यामुळे त्यांना हा अर्थ सोयीचा होता हे खरं. तरी भेद शंभर टक्के बरोबर आहे. आजच्या निम्म्या वादांत, 'तू सिद्ध करू शकत नाहीस' या वाक्यानंतर 'म्हणजे नाहीच' हे दुसरं वाक्य कुणाच्या लक्षात न येता आत शिरतं. आणि दुसरी बाजू 'तू खोटं ठरवू शकत नाहीस' यानंतर 'म्हणजे आहेच' असं घुसवते. दोन्हीकडे चूक एकच आहे.

पहिलं कारण

जगाला कर्ता हवा, तर त्या कर्त्याला कर्ता नको का? हा प्रश्न लहान मुलंही विचारतात आणि तो चांगला प्रश्न आहे. भारतीय तर्कशास्त्रात याला अनवस्था म्हणतात: ज्या मालिकेला कुठेच थांबा नाही. आस्तिक म्हणतो, कुठेतरी थांबावं लागेल आणि तो थांबा म्हणजे देव. नास्तिक म्हणतो, थांबायचंच आहे तर विश्वापाशीच थांबू.

1948 मध्ये बीबीसी रेडिओवर बर्ट्रांड रसेल आणि जेझुइट धर्मगुरू फ्रेडरिक कॉपलस्टन यांच्यात नेमक्या याच मुद्द्यावर चर्चा झाली. कॉपलस्टन म्हणत होते की जगातल्या एकेका वस्तूला कारण आहे, तसं सगळं मिळून जे आहे त्यालाही काही स्पष्टीकरण हवं. रसेल यांचं उत्तर थोडक्यात असं होतं की विश्व आहे, बस. कॉपलस्टन यांनी त्यावर म्हटलं की बुद्धिबळाच्या पटासमोर बसायलाच नकार दिला तर मात होणारच नाही.

प्रत्येक गोष्टीला स्पष्टीकरण असतंच, हे विधान तर्काचं नाही. ते नाकारलं तर कुठेही विसंगती उभी राहत नाही. ते मान्य केलं तरीही राहत नाही. विज्ञान करताना आपण ते जवळजवळ प्रत्येक पावलावर धरून चालतो, म्हणून ते सोडणं कठीण जातं. पण विश्वाच्या आतल्या वस्तूंना लागणारा नियम अख्ख्या विश्वाला लागतो का, हे कोणत्याही प्रयोगातून आलेलं नाही. इथे मला व्यक्तिशः दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. 'आहे, बस' म्हणून थांबताना मनाला टोचतं, आणि देवापाशी थांबतानाही तितकंच टोचतं.

सर्वशक्तिमान देव स्वतःला उचलता येणार नाही असा दगड निर्माण करू शकतो का, हा लोकप्रिय प्रश्न मात्र मला फारसा खोल वाटत नाही. 'चौकोनी वर्तुळ' हे काम नाहीच, ते नुसते एकत्र ठेवलेले शब्द आहेत. थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकातच सांगितलं की जे स्वतःलाच छेद देतं ते शक्तीच्या कक्षेत येत नाही. त्या प्रश्नाचा उपयोग एवढाच की तो 'सर्वशक्तिमान' या शब्दाचा अर्थ नीट लावायला भाग पाडतो. आणि अर्थ लावणं हे निम्मं काम आहे. कुणाचा देव म्हणजे प्रार्थना ऐकणारी व्यक्ती, कुणाचा म्हणजे निर्गुण ब्रह्म, कुणाचा म्हणजे निसर्गाचे नियम. तिघांच्या बाजूने आणि विरोधात एकच युक्तिवाद चालवणं म्हणजे वारुळाला कुंभार शोधणं.

मग पारडं कुठे झुकतं?

सिद्धता नको, संभाव्यता चालेल, असं काही जण म्हणतात. ही वाट जास्त समंजस आहे. थॉमस बेझ यांचं, 1763 मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेलं काम याचा पाया आहे. योगायोग असा की ते स्वतः धर्मोपदेशक होते. त्यांची रीत सांगते की नवा पुरावा आला की आधीच्या अंदाजात किती बदल करायचा. पण आधीचा अंदाज कुठून आणायचा हे ती सांगत नाही. आजाराच्या तपासणीत तो मिळतो, कारण लोकांत तो आजार किती आढळतो हे मोजता येतं. विश्वांची अशी मोजणी नाही. रिचर्ड स्विनबर्न यांच्यासारखे तत्त्वज्ञ हाच हिशेब करून देवाची संभाव्यता निम्म्याहून जास्त आहे असं सांगतात, तर दुसरे त्याच रीतीने ती नगण्य ठरवतात. वाद पुन्हा पहिल्या आकड्यापाशी येतो.

रसेल यांनी 1952 मध्ये एक कल्पना मांडली. पृथ्वी आणि मंगळ यांच्या दरम्यान एक चहाची किटली सूर्याभोवती फिरते आहे, दुर्बिणीलाही न दिसण्याइतकी छोटी, असं कुणी म्हणालं, तर ते खोटं पाडता येत नाही म्हणून कुणी मानायला बांधील नसतं. सिद्ध करण्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावर असते. हे मला पूर्ण पटतं. पण किटली ही विश्वातली आणखी एक वस्तू आहे. ती नसली तर बाकी काहीच बदलत नाही. देवाचा दावा मुळात विश्व का आहे आणि कसं जगावं याबद्दलचा आहे. म्हणून किटली आस्तिकाला जबाबदारीची आठवण करून देते, त्याचं म्हणणं खोटं पाडत नाही.

मग तर्क थांबतो तिथून पुढे काय? ब्लेझ पास्कल म्हणाले होते, पैज लावा: देव असला तर सगळं मिळेल, नसला तर फार काही जाणार नाही. पण कोणत्या देवावर लावायची? परस्परविरोधी मागण्या करणारे देव अनेक आहेत. 1877 मध्ये गणितज्ञ विल्यम क्लिफर्ड यांनी कडक नियम सांगितला की अपुऱ्या पुराव्यावर काहीही मानणं नेहमीच चूक. आपलं जुनं जहाज सुरक्षित आहे अशी समजूत घालून ते माणसांसकट समुद्रात सोडणारा मालक त्यांनी उदाहरणाला घेतला. 1896 मध्ये विल्यम जेम्स यांनी त्याला उत्तर दिलं. काही निर्णय टाळता येत नाहीत, ते महत्त्वाचे असतात, दोन्ही पर्याय मनाला जिवंत वाटतात आणि पुरावा निर्णायक नसतो. अशा वेळी मनाचा कल निर्णायक ठरू देण्याचा माणसाला हक्क आहे. थांबून राहणं हाही एक निर्णयच असतो.

मला क्लिफर्ड यांचा नियम जहाजासाठी बरोबर वाटतो. जिथे माझ्या मानण्याची किंमत दुसऱ्याला जिवाने चुकवावी लागते, तिथे 'माझी श्रद्धा' हे उत्तर चालत नाही. अमुक दिवशी जग बुडेल, अमुक मंत्राने गाठ विरघळेल, हे दावे तपासता येतात आणि तपासायलाच हवेत. तर्क देवाचा प्रश्न निकाली काढू शकत नाही, या वाक्याच्या आडोशाला असे दावे लपू द्यायचे नाहीत. ते देवाबद्दलचे दावेच नाहीत. ते तारखेबद्दलचे आणि गाठीबद्दलचे आहेत.

पण संपूर्ण अस्तित्वाकडे कृतज्ञतेने पाहायचं की मौनाने, हा प्रश्न आला की मी जेम्स यांच्या जवळ सरकतो. तिथे माणसाने आपली गृहीतकं उघडी ठेवावीत आणि त्यांचं मोल स्वतः चुकवावं, एवढीच माझी अपेक्षा असते. ती दोन्ही बाजूंकडून असते.

गोडेल यांनी आपली सिद्धता हयातीत छापली नाही. 1978 मध्ये ते गेले आणि ती 1987 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांचे मित्र ऑस्कर मॉर्गनस्टर्न यांनी 1970 च्या आपल्या रोजनिशीत याचं कारण नोंदवलं आहे. आपण खरोखर देव मानतो असं लोकांना वाटेल, अशी गोडेल यांना धास्ती होती. त्यांच्या मते ते केवळ तर्कशास्त्रीय संशोधन होतं. आणि त्यांच्या कागदपत्रांत एक प्रश्नावली सापडली, भरलेली पण कधीच न पाठवलेली. तिच्यात त्यांनी आपली श्रद्धा कोणती हे लिहून ठेवलं आहे: ते ईश्वर मानत होते.